मोहोळ, जीवाश्म आणि पचमढीची भिंत



यावेळी एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

२०२१ च्या मार्चमध्ये मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाचं सेमिनार दिलं. माझा विषय लोहयुक्त रंगद्रव्यं, म्हणजे गेरू, काव, पिवळी माती. शैलचित्रांमध्ये हेच रंग वापरलेले असतात, त्यामुळे प्रस्तावनेत भीमबेटका येणारच होतं. मी एक झकास स्लाइड केली. भीमबेटकाच्या एका मोठ्या शैलाश्रयाच्या दगडात सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याचा जीवाश्म सापडलाय, म्हणजे चित्रं काढणाऱ्या माणसांच्या डोक्यावर पृथ्वीवरचं एक सर्वांत जुनं चित्र आधीच होतं, असं काहीतरी. सगळ्यांना आवडली. टाळ्यासुद्धा मिळाल्या. बातमी तेव्हा अगदी ताजी होती आणि शोधनिबंध नावाजलेल्या जर्नलमध्ये आलेला होता. तेच वाक्य मी पुढे सिनॉप्सिसमध्ये टाकलं, तिथून प्रोग्रेस रिपोर्टमध्ये गेलं, आणि तिथून प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात.

तो जीवाश्म नव्हता. ते मधमाश्यांचं जुनं पोळं होतं.

ही गोष्ट पुढे सविस्तर सांगते. पण ती नीट कळायला आधी तुम्हाला माझ्याबरोबर डोंगरात यावं लागेल, कारण मला ती स्क्रीनसमोर बसून कळली नाही. ती कळली पचमढीच्या एका कपारीखाली, मान वर करून उभी असताना.

आधी जागा समजून घेऊ

पचमढी विदर्भातल्या लोकांना नव्यानं सांगायला नको. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातून लोकांचे जथेच्या जथे जातात, महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. माझी आजी वर्धा जिल्ह्यातली. ती तरुणपणी दोनदा नागद्वारीला जाऊन आली होती आणि तिच्या बोलण्यात पचमढी हे नाव कधी यायचंच नाही. ती म्हणायची, "महादेवाच्या डोंगरात गेलतो." नकाशावरसुद्धा या रांगेचं नाव महादेव टेकड्या असंच आहे. म्हणजे आजीचा भूगोल बरोबर होता.

सातपुड्याच्या या भागात धूपगड हे मध्य प्रदेशातलं सर्वांत उंच ठिकाण आहे, सुमारे १३५० मीटर. भोवती सातपुडा राष्ट्रीय उद्यान (१९८१ साली घोषित), बोरी आणि पचमढी ही अभयारण्यं, आणि हे सगळं मिळून व्याघ्र प्रकल्प. बोरीचं जंगल तर १८६५ सालीच राखीव झालं होतं, देशातल्या अगदी सुरुवातीच्या राखीव जंगलांपैकी ते एक. गवे, अस्वलं, बिबटे, वाघ, आणि झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारणारी शेकरू. आपलं राज्यप्राणी शेकरू इथे भीमाशंकरइतकंच सहज दिसतं.

खडक वालुकाश्म आहे. गोंडवन काळातल्या नद्यांनी आणून टाकलेली वाळू दबून तयार झालेला, 'पचमढी वालुकाश्म' याच नावानं भूशास्त्रात ओळखला जाणारा. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टपेक्षा याची झीज वेगळी होते. मऊ थर आधी झिजतो, कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो, आणि खाली आयतीच ओसरी तयार होते. यालाच शैलाश्रय म्हणतात. गुहा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंधारा बोगदा येतो. इथे तसं नसतं. उजेड असतो, वारा असतो, पाऊस आत येत नाही, आणि भिंत चित्र काढायला सपाट असते. माणूस तिथे का थांबला असेल हे उभं राहिल्यावर लगेच कळतं.

अशा कितीतरी ओसऱ्या या डोंगरांत आहेत. काहींची नावं इंग्रज अमदानीतली: डोरोथी डीप, मॉन्टे रोझा, हार्पर्स केव्ह (तिथे वीणेसारखं वाद्य वाजवणारा माणूस रंगवलाय, म्हणून). काहींची नावं इथलीच: जंबूद्वीप, इमलीखोह, बनियाबेरी, मारोदेव. नावांकडे लक्ष ठेवा. कोणी कुठे पाहिलं आणि कोणाचं पाहणं कागदावर आलं, याचा निम्मा इतिहास या नावांतच आहे.

'शोध लागला' म्हणजे नेमकं काय झालं?

पचमढीचा 'शोध' कॅप्टन जेम्स फोर्सिथ यानं १८६२ साली लावला असं पर्यटनाच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. फोर्सिथनं तिथे बायसन लॉज बांधलं आणि मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावर त्याचं पुस्तक १८७१ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. पुस्तक वाचनीय आहे, शिकारीनं भरलेलं आहे. पण तो आला तेव्हा तिथे कोरकू होते, गोंड होते, महादेवाची जत्रा भरत होती. तेव्हा 'शोध लागला' याचा अर्थ 'इंग्रजी कागदावर नोंद झाली' एवढाच घ्यायचा. संशोधनात हा फरक रोज उपयोगी पडतो.

शैलचित्रांची भारतातली पहिली नोंदही याच दशकातली आहे, पण जागा वेगळी. आर्चिबाल्ड कार्लाइल हा अलेक्झांडर कनिंगहॅमचा पुरातत्त्व खात्यातला सहायक. १८६७-६८ मध्ये त्याला मिर्झापूरच्या बाजूला, कैमूरच्या डोंगरात सोहागीघाट इथे भिंतींवर चित्रं दिसली. त्याच कपारींत त्याला बारीक दगडी पाती मिळाली, ज्यांना आपण आज सूक्ष्मास्त्रं म्हणतो. ही चित्रं फार जुनी असणार, हे त्याच्या लक्षात आलं.

आता तारीख लक्षात घ्या. स्पेनमधली अल्तामिराची गुहा, जिच्यापासून जगातल्या गुहाचित्रांचा इतिहास सांगायला सुरुवात होते, तिथली चित्रं १८७९ साली सापडली. म्हणजे कार्लाइल दहा-बारा वर्षं आधी होता. मग त्याचं नाव आपल्याला का माहीत नाही? कारण त्यानं ते छापलं नाही. टिपणं एका मित्राकडे राहिली आणि त्यातला काही भाग व्हिन्सेंट स्मिथनं छापला तो १९०६ साली. तोपर्यंत अल्तामिरा गाजून गेलं होतं.

अल्तामिराची स्वतःचीही कहाणी काही सुखाची नाही. सावतुओला यानं १८८० साली आपला शोध मांडला, तेव्हा मोठमोठ्या विद्वानांनी त्याला खोटं ठरवलं. 'रानटी' माणूस इतकं चांगलं चित्र काढूच शकत नाही, हा त्यामागचा विचार. एमिल कार्तेयाक या फ्रेंच विद्वानानं १९०२ साली लेख लिहून जाहीरपणे चूक कबूल केली, पण तोपर्यंत सावतुओला हयात नव्हता.

एकानं छापलं नाही म्हणून विसरला गेला, दुसऱ्यानं छापलं म्हणून बदनाम झाला. थोडक्यात, 'छापा किंवा मरा' हा ताण आपल्या पिढीनं शोधून काढलेला नाही!

मिर्झापूर भागात पुढे जॉन कॉकबर्नला गेंड्याच्या शिकारीचं चित्र मिळालं. १८८३ साली त्यानं त्यावर लिहिलं आणि मुद्दा प्राणिशास्त्राचा केला: ज्या भागात आज गेंडा नाही, तिथे तो एके काळी होता. मला हा लेख फार आवडतो. चित्राचा पुरावा म्हणून वापर कसा करायचा, याचं ते सुरुवातीचं आणि स्वच्छ उदाहरण आहे. चित्रकारानं काय पाहिलं असणार, हे त्यानं विचारलं.

नागपूर ते भीमबेटका

पचमढीच्या चित्रांकडे शास्त्रीय नजर वळली १९३० च्या दशकात. जी. आर. हंटर यांनी डोरोथी डीपमध्ये उत्खनन केलं. त्याचा अहवाल नागपूर विद्यापीठाच्या जर्नलमध्ये आला, हे मला कळलं तेव्हा उगाचच अभिमान वाटला. जमिनीखालून सूक्ष्मास्त्रं निघाली. त्याच सुमारास डी. एच. गॉर्डन हा लष्करी अधिकारी महादेव टेकड्यांत कपारी धुंडाळत होता. त्यानं एकावर एक काढलेल्या चित्रांचे थर पाहून त्यांचे गट पाडले. त्याचं मत असं, की ही चित्रं फार जुनी नाहीत, इतिहासकाळाच्या उंबरठ्यावरची आणि त्यानंतरची आहेत. घोडेस्वार, तलवारी, ढाली घेतलेली माणसं पाहिली की त्याचं म्हणणं पटतंही. पचमढीत अशी युद्धाची चित्रं भरपूर आहेत.

पण जमिनीखाली सूक्ष्मास्त्रं आणि भिंतीवर तलवारी. दोन्ही एकाच माणसांच्या कशा असतील? म्हणजे एकच ओसरी हजारो वर्षं वेगवेगळ्या लोकांनी वापरली. भिंत ही वही आहे, पण तिच्यावर तारीख कोणीच टाकलेली नाही.

१९६१ मध्ये होशंगाबादजवळ (आताचं नर्मदापुरम) आदमगड इथे रा. वि. जोशी आणि म. द. खरे यांनी उत्खनन केलं. सूक्ष्मास्त्रांच्या थरातल्या शिंपल्यांचं रेडिओकार्बन वय इ.स.पू. ५५०० च्या आसपास निघालं. कपारीत माणूस किती आधीपासून राहत होता याचा हा आकडा. चित्राचा आकडा मात्र नव्हे, आणि ही गोष्ट मी दोनदा अधोरेखित करेन.

आणि मग डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. जन्म नीमचचा, १९१९ चा, कर्मभूमी उज्जैन, घरी मराठी. लोक त्यांना हरिभाऊ म्हणत. १९५७ साली भोपाळच्या दक्षिणेला रेल्वेनं जाताना त्यांना खिडकीतून टेकडीवर खडकांची विशिष्ट रचना दिसली, आणि ते चालत तिथे पोचले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नागपूर-भोपाळ गाडीत ओबेदुल्लागंजच्या आसपास मीही दरवेळी खिडकीला नाक लावून बसते. पण इथेही 'शोध' हा शब्द जपून वापरायचा. १८८८ सालच्या एका नोंदीत ही जागा स्थानिक आदिवासींच्या सांगण्यावरून बौद्ध अवशेष म्हणून आलेली आहे. म्हणजे जागा माहीत होती, नोंदलेलीही होती. ती काय आहे हे ओळखायला मात्र सवयीचे डोळे लागले.

वाकणकरांचं खरं काम त्या एका दिवसाचं नाही. नंतरची तीसेक वर्षं ते डोंगर पालथे घालत होते, चित्रं उतरवून घेत होते, उत्खनन करत होते. १९७० च्या दशकात उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाकडून ते, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडून वि. ना. मिश्र, अशी भीमबेटकाला खोदकामं झाली. यशोधर मठपाल यांनी तिथली सहा हजारांहून जास्त चित्रं एकेक करून हातानं जलरंगात उतरवली. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेलं.

या तिघांचं सगळ्याच बाबतीत एकमत नव्हतं, हे तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा. वाकणकरांना हिरव्या रंगातल्या लयदार नाचणाऱ्या आकृती सर्वांत जुन्या, उत्तर पुराश्मयुगातल्या वाटत होत्या. त्या काळच्या थरात हिरव्या रंगाचा खडा मिळणं हा त्यांचा एक आधार होता. मठपाल मात्र चित्रांची सुरुवात मध्याश्मयुगापासून धरतात. दोघांनी त्याच भिंती, कदाचित इतर कोणाहीपेक्षा जास्त तास, पाहिल्या होत्या. तरी उत्तर वेगळं. हा भांडणाचा विषय नाही. पुरावा कुठपर्यंत नेतो आणि कुठे सोडून देतो, याचं हे उदाहरण आहे.

चित्राचं वय काढणं इतकं अवघड का?

आता माझा प्रांत आला, म्हणून जरा थांबून सांगते.

लाल गेरू म्हणजे हेमॅटाइट, लोखंडाचं ऑक्साइड. पिवळी माती म्हणजे बहुतेक वेळा गोएथाइट, तेही लोखंडाचंच. गोएथाइट भाजलं की पाणी निघून जातं आणि लाल हेमॅटाइट उरतं. पांढऱ्यासाठी चुना, पांढरी माती वगैरे. लाल-पिवळ्या रंगांत कुठे कार्बन आहे? नाही. आणि रेडिओकार्बन पद्धतीला कार्बन लागतो. रंग खलताना डिंक, चरबी, काही सेंद्रिय घातलं असेल तर ते उघड्या भिंतीवर हजारो वर्षांत बहुधा उडून गेलेलं असतं. खडकाचं वय काढून उपयोग नाही, कारण खडक कोट्यवधी वर्षांचा आहे. खनिजाचं वय काढूनही नाही, कारण गेरू माणसानं बनवलेला नाही, उचललेला आहे.

कोळशानं काढलेलं चित्र असेल तर कार्बन मिळतो. पण तो लाकूड वाढलं त्या वेळचा, रेघ ओढली त्या वेळचा नव्हे. चुनखडीच्या गुहांत चित्रावर कॅल्साइटचा पापुद्रा चढतो, त्याचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीनं काढता येतं. वालुकाश्माच्या ओसरीत तशी सोय क्वचितच असते.

मग उरतं काय?

पहिलं, थर. कोणतं चित्र कोणाच्या वर आहे. यातून आधी-नंतर कळतं, पण किती वर्षं आधी हे कळत नाही. दोन थरांत दोन दिवसांचं अंतर असू शकतं किंवा दोन हजार वर्षांचं.

दुसरं, विषय. घोड्यावर स्वार असेल, लोखंडी शस्त्र असेल, ब्राह्मी अक्षरं असतील, तर चित्र त्याआधीचं नाही. पण घोडा नसेल तर चित्र घोड्याआधीचं, असं मात्र म्हणता येत नाही. मी शेकरूचं चित्र काढलं आणि त्यात मोबाईल नाही, म्हणून ते मोबाईलच्या आधीचं ठरतं का?

तिसरं, तुलना. माळव्यातल्या ताम्रपाषाणयुगीन मडक्यांवर, उदाहरणार्थ नावडातोलीला, जशी नक्षी आहे तशीच भिंतीवर असेल तर काळ जुळवता येतो.

चौथं, जमिनीखालचा पुरावा. घासलेले गेरूचे खडे ज्या थरात मिळतात, त्या काळात कोणीतरी गेरू वापरत होतं. चित्रासाठी की अंगाला लावायला, हे खडा सांगत नाही.

यातला एकही धागा एकट्यानं वजन पेलत नाही. चारही वळले तर दोर होतो. म्हणूनच एखाद्या पुस्तकात 'ही चित्रं अमुक हजार वर्षांपूर्वीची आहेत' असं ठाम वाक्य दिसलं, की ते चारांपैकी कोणत्या धाग्यावर लटकलंय हे आधी शोधायचं.

आता ते मोहोळ

मार्च २०२० मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूशास्त्र काँग्रेस होणार होती. कोविडमुळे ती तेव्हा झाली नाही, पण तिच्या निमित्तानं निघालेल्या एका क्षेत्रभेटीतले भूशास्त्रज्ञ भीमबेटकाला गेले. तिथल्या 'ऑडिटोरियम' शैलाश्रयात, डोक्याच्या बऱ्याच वर, त्यांना पानासारखा, मधल्या शिरेपासून दोन्हीकडे बारीक रेषा गेलेला एक ठसा दिसला. ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी तो डिकिन्सोनियाचा जीवाश्म म्हणून प्रसिद्ध केला. डिकिन्सोनिया हा साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, चपट्या शरीराचा जीव. ऑस्ट्रेलिया, रशिया इथून तो चांगला माहीत आहे. भारतातून तो पहिल्यांदाच मिळत होता.

यात पणाला काय लागलं होतं, ते बघा. विंध्य खडकांचं वय हा जुना वाद आहे. वरच्या विंध्य थरांचं वय १०० कोटी वर्षांच्या आसपास किंवा जास्त, असं सुचवणारा पुरावा एका बाजूला होता. डिकिन्सोनिया खरा असता तर तेच खडक जवळपास निम्म्या वयाचे ठरले असते. एका ठशानं एका अख्ख्या खोऱ्याचा इतिहास बदलणार होता.

जागा संरक्षित. तुकडा काढून प्रयोगशाळेत नेणं शक्य नव्हतं. ओळख पटवली गेली ती आकारावरून आणि फोटोंवरून.

२०२२ च्या अखेरीस फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मिअर्ट आणि त्यांचे भारतीय व इतर सहकारी त्याच जागी गेले. 'जीवाश्मा'चे पोपडे सुटत होते. कोट्यवधी वर्षं दगडात टिकलेली गोष्ट दोन-तीन वर्षांत अशी गळून पडत नाही. ते आग्या मोहोळाचे उरलेले मेणकट अवशेष होते, आणि अशी पोळी त्या परिसरात कितीतरी लटकलेली आहेत. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं, त्याच जर्नलमध्ये. आणि रिटॅलॅक यांनी काय केलं? वाद घातला नाही. चूक झाली, हे मान्य केलं. कार्तेयाकला त्याच कबुलीसाठी वीसेक वर्षं लागली होती.

शास्त्रज्ञांची चूक दुरुस्त झाली. माझी मात्र तशीच राहिली होती! दुरुस्ती २०२३ मध्ये छापली गेली, आणि माझ्या खर्ड्यातलं वाक्य त्यानंतरही वर्षभर जागचं हललं नाही. संदर्भ एकदा यादीत घातला की आपण तो पुन्हा उघडतच नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलनं समासात एवढंच लिहिलं होतं: "हे तू बघितलंस का?" मला वाटलं, पेपर वाचलास का असं विचारतायत. मी "हो" म्हटलं.

कपारीखाली

मागच्या हिवाळ्यात मी पचमढीला गेले. माझ्या डोक्यात एक योजना होती: नमुने घेण्यासाठी अर्ज करायचा. मोहरीच्या दाण्याएवढा कण खरवडला तरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बरंच कळतं. आधी नुसत्या डोळ्यांनी जागा ठरवायच्या, मग कागदपत्रं.

बरोबर वनखात्याच्या परवानगीचा वाटाड्या होता, पन्नाशीचा कोरकू माणूस. (कोरकू म्हणजे आपल्या मेळघाटातलेच. त्यांची भाषा गोंडीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे.) मी त्यांना दादा म्हणत होते, ते मला मॅडम. दोन तासांची चढण, साल-सागाचं मिश्र रान, वाटेत अस्वलानं उकरलेलं वारूळ. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं आणि स्वतः मुद्दाम खोकत चालले. अस्वलाला दचकवायचं नसतं, आधी कळवायचं असतं.

कपारीत लाल रंगातलं एक चित्र होतं. एक माणूस शिडीसारख्या कशावर तरी चढलेला, समोर अर्धगोल आकार, भोवती ठिपके. मी वहीत लिहायला लागले, "अर्धवर्तुळ, अर्थ अनिश्चित". दादा हसले. म्हणाले, "मॅडम, यात अनिश्चित काय? मोहोळ आहे. वर बघा."

मी मान वर केली. कपारीच्या छताला, चित्रापासून दहा-पंधरा हातांवर, काळंभोर आग्या मोहोळ लटकत होतं. त्याच्या शेजारी एका जुन्या, सोडून दिलेल्या पोळ्याचा अर्धवट झडलेला ठसा. मधे शीर, दोन्हीकडे बारीक रेषा.

पानासारखा.

मध गोळा करण्याची चित्रं महादेव टेकड्यांत आहेत, हे गॉर्डनच्या काळापासून नोंदलेलं आहे. मी वाचलेलंही होतं. पण चित्र, मोहोळ आणि झडलेलं पोळं एका नजरेत दिसलं तेव्हा मला बाईंचा प्रश्न कळला. "बघितलंस का" म्हणजे वाचलंस का नाही. बघितलंस का.

दादांना मी विचारलं, जुनं पोळं दगडासारखं दिसतं का? ते म्हणाले, पावसाळे गेले की दिसतं, पण हात लावला की कळतं. त्यांच्या वडिलांनी मध काढलाय. त्यांचं गाव आता व्याघ्र प्रकल्पाच्या आत नाही, पुनर्वसनात बाहेर गेलंय. मुलगा पिपरियाला दुकानात कामाला आहे, त्याला या कपारीची वाट माहीत नाही. वाघांसाठी जागा लागते हे दादांनाही मान्य आहे, ते त्याच खात्याचं काम करतात. पण भिंतीवरचं चित्र संरक्षित आहे आणि ते चित्र ओळखणारा डोळा संरक्षित नाही, हे उतरताना माझ्या डोक्यातून जाईना.

नमुन्यांचा अर्ज मी केला नाही. भिंतीला न खरवडता, हातात धरायच्या रामन यंत्रानं जेवढं कळेल तेवढ्यावर प्रकरण बेतलं आहे. भीमबेटकाच्या रंगांवर रामन तंत्रानं आधी काम झालेलं आहे, त्यामुळे तुलनेला आधार आहे. आकडे थोडे कमी नेमके येतील. एका प्रकरणाला सहा महिने जास्त लागतायत, आणि फेलोशिपचा शेवटचा हप्ता जवळ आलाय, हेही खरं. पण मोहरीच्या दाण्याएवढी भिंत परत लावता येत नाही. उद्या कोणाकडे माझ्यापेक्षा चांगली पद्धत असेल, त्यांच्यासाठी ती तिथे असायला हवी.

तुम्ही जाणार असाल तर

पिपरिया हे जवळचं स्टेशन, तिथून पचमढी साधारण ५० किलोमीटर घाटरस्ता. नागपूरहून छिंदवाडा-तामियामार्गे गाडीरस्ताही आहे. राष्ट्रीय उद्यानाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो. ऑक्टोबर ते मार्च चालायला उत्तम. परवानगी आणि वाटाड्या घेतल्याशिवाय आतल्या कपारींकडे जाऊ नका. फ्लॅश वापरू नका, चित्राला हात लावू नका, आणि चित्र उठून दिसावं म्हणून त्यावर पाणी तर अजिबात शिंपडू नका. आग्या मोहोळ असेल तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको. हे संशोधनासाठी नाही, जिवासाठी सांगतेय.

आणि संशोधनाला लागणाऱ्यांसाठी तीन गोष्टी, ज्या मला कोणी पहिल्या वर्षी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं:

१. वर्षातून एकदा आपल्या संदर्भयादीतला प्रत्येक महत्त्वाचा पेपर पुन्हा शोधा. त्यावर दुरुस्ती, टीका, माघार आली आहे का, ते पाहा. एक दुपार लागते.

२. आकडा दिसला की विचारा, हे वय कशाचं? शिंपल्याचं, थराचं, खडकाचं, की रेघेचं?

३. जागेवर जा, आणि तिथल्या माणसाला विचारा. त्याचं नाव आभारात टाका. शक्य असेल तर आभाराच्या वर टाका.

ती जुनी स्लाइड मी डिलीट केलेली नाही. 'चूक' असं नाव देऊन ठेवली आहे. या जुलैत विभागात नव्या मुलांचं ओरिएंटेशन आहे, तिथे तीच पहिली दाखवणार आहे.

पुढच्या लेखात रामन यंत्र भिंतीसमोर कसं धरायचं, आणि वारा सुटला की काय फजिती होते, ते सांगेन. तोवर वाचत राहा, आणि मुख्य म्हणजे बघत राहा.